काल 'जिझेल' बघितलं. त्या अल्ब्रेख्टला सोडलं कशाला?

खिडकीपाशी | रविवार, रात्री १:२०

काल संध्याकाळी लंडनला कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये रॉयल बॅलेचं 'जिझेल' बघून आले. घरी पोचेस्तोवर साडेबारा वाजले. नवरा गाढ झोपलेला, आणि माझ्या डोक्यात जे काही चाललंय ते ऐकायला कुणी नाही. म्हणून हा धागा.

बॅले मी याआधी दोनदाच बघितलाय, दोन्ही वेळा नाताळात, पोरांना घेऊन. यावेळी एकटीच गेले. तिकीट सगळ्यात वरच्या मजल्यावरचं, म्हणजे नर्तकांचे चेहरे कमी आणि पावलांची रांगोळी जास्त दिसते. नंतर कळलं की या बॅलेसाठी तीच जागा चांगली.

गोष्ट माहीत नसलेल्यांसाठी: ऱ्हाइनकाठचं एक खेडं, द्राक्षांच्या तोडणीचे दिवस. जिझेल आणि तिची आई. पोरीला नाचायचं वेड, पण काळीज नाजूक. आई सारखी ओरडत असते, नाचू नकोस. गावात लोइस नावाचा एक देखणा पाहुणा येऊन राहिलाय आणि जिझेल त्याच्यावर भाळलीय. तो खरा सरदार अल्ब्रेख्ट, वेष बदललेला, आणि त्याचं लग्न आधीच एका राजघराण्यातल्या बाथिल्डशी ठरलंय. हिलारियन नावाचा रानरखवालदारही जिझेलवर जीव टाकतो. त्याला लपवलेली तलवार सापडते, तो सगळ्यांसमोर भांडं फोडतो. जिझेलच्या डोक्यावर परिणाम होतो आणि ती मरते.

हा झाला पहिला अंक. दुसरा अंक रात्री, जंगलात, तिच्या थडग्यापाशी. लग्नाआधीच मेलेल्या, फसवल्या गेलेल्या पोरींची भुतं तिथे रात्री जमतात. त्यांना 'विली' म्हणतात. मिर्था त्यांची राणी. रात्री जो पुरुष तावडीत सापडेल त्याला या मरेपर्यंत नाचवतात. आधी हिलारियन सापडतो, त्याला तळ्यात ढकलतात. मग फुलं घेऊन अल्ब्रेख्ट येतो. आणि जिझेल, जी आता स्वतः विली झालीय, त्याला पहाटेपर्यंत वाचवते. चर्चची घंटा होते, भुतं विरतात, तो जिवंत राहतो.

तर प्रश्न असा: का? खरं बोलणारा बुडून मेला आणि खोटारडा वाचला. थिएटरमध्ये मी ढसाढसा रडले आणि ट्रेनमध्ये बसल्यावर मला जाम राग आला.

दोन गोष्टी मात्र डोळ्यांपुढून जात नाहीत. सुरुवातीला जिझेल फुलाच्या पाकळ्या मोजते, आवडते, नाही आवडत, आवडते. उत्तर 'नाही'वर येणार हे तिला आधीच दिसतं आणि ती फूल टाकून देते. अल्ब्रेख्ट ते उचलतो, हळूच एक पाकळी काढून फेकतो आणि म्हणतो, बघ, आवडते! पुढे वेड लागल्यावर केस मोकळे सोडून ती तीच जागा परत नाचते. हातात फूल नाहीये, तरी ती पाकळ्या खुडते. संगीतही तेच, फक्त तुटक. माझ्या शेजारच्या आजोबांनी चष्मा काढून पुसला.

आणि दुसरी गोष्ट आवाजाची. दुसऱ्या अंकात चोवीसजणी पांढऱ्या झग्यांत, एका पायावर, दुसरा पाय मागे ताणलेला, तशाच पुढे सरकत दोन्ही बाजूंनी येतात आणि एकमेकींच्या रांगांमधून आरपार जातात. लोक टाळ्या वाजवत होते. टाळ्या थांबल्यावर बुटांचा आवाज ऐकू आला. थप्, थप्, थप्. चोवीस भुतांचा. अंगावर काटा आला.

नाममात्र | रविवार, सकाळी ८:०५

मी आधी 'विळी' वाचलं. मेलेल्या पोरी विळीवर बसून पुरुषांची कोशिंबीर करतात असं काहीतरी. तेही वाईट नसतं.

जुनी_पेठ | रविवार, सकाळी ९:४०

खिडकीताई, गोष्ट वाचता वाचता शाकुंतल आठवलं की नाही? राजा वेष लपवून आश्रमात येतो, भोळी पोर, गांधर्वविवाह, नंतर ओळखच नाही. फरक एवढाच की कालिदासाने दुष्यंताला दुर्वासांच्या शापाची पळवाट दिली. तुमच्या सरदाराला तीही नाही.

आणि हे ओढूनताणून नाही बरं का. 'जिझेल'ची कल्पना ज्याची, तो फ्रेंच कवी तेओफिल गोतिए. याच गोतिएने पुढे 1858 मध्ये पॅरिस ऑपेरासाठी 'साकुंतला' नावाच्या बॅलेची संहिता लिहिली. संगीत अर्नेस्ट रेयेचं, नृत्यरचना ल्युसियँ पेतिपाची. हा ल्युसियँ कोण? तर 1841 च्या पहिल्या प्रयोगातला अल्ब्रेख्ट! म्हणजे फसवणारा सरदार नाचून झाल्यावर सतरा वर्षांनी त्याने दुष्यंताची गोष्ट बसवली. याला म्हणतात अनुभवाचे बोल.

मालवणी_खाजा | रविवार, दुपारी १२:१५

जुनीपेठकाका, कडक.

माझ्या डोक्यात मात्र भुतं आली. आमच्याकडे इतकी जातवारी आहे की विलीला कुठे बसवायचं हा प्रश्न पडला. हडळ नाही, आळवंतीण नाही, त्या बाळंतपणात गेलेल्या. सात आसरा जवळच्या वाटतात: बायकांचा घोळका, पाण्याकाठी वस्ती, माणसाला पाण्यात ओढणं. हिलारियनचं जे झालं ते ऐकून आमची आजी म्हणाली असती, "तरी सांगत होते, तिन्हीसांजेला कोंडीवर जाऊ नका." फक्त आसरांना खण, हळदकुंकू, बांगड्या दिल्या की त्या शांत होतात. मिर्था ऐकत नाही.

पण खरा सख्खा भाऊ वेगळाच आहे. मुंजा! मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत मेला, तो पिंपळावर बसला. विलीचंही तेच: वाङ्‌निश्चय झाला, लग्न व्हायच्या आत गेली. एक संस्कार झालाय, पुढचा राहिलाय, आणि माणूस मधल्या ओट्यावर अडकलंय. मुंजा पोरगाच आहे म्हणून खोड्या काढतो. या पोरी नवरीच्या वेषात अडकल्यात म्हणून नाचतात. लग्नात नाचायचं राहून गेलं ना.

खिडकीपाशी | रविवार, दुपारी २:३०

मधल्या ओट्यावर अडकलंय! खाजा, मी हे वाक्य चोरणार. आणि मिर्थाच्या डोक्यावर सुरुवातीला नवरीसारखी पांढरी ओढणीच होती. सगळ्याजणी तशाच आल्या.

थेम्सकाठचा_बगळा | रविवार, दुपारी ४:००

रुमाल टाकून ठेवला होता, आता लिहितो. लांब होईल.

पहिला प्रयोग 28 जून 1841, पॅरिस ऑपेरा. संगीत अदोल्फ आदाम. जिझेल झाली होती कार्लोता ग्रिसी, वय 22. गोतिए तिच्यावर पूर्ण लट्टू. (लग्न नाही जमलं, पुढे संसार थाटला तिच्या बहिणीशी, एर्नेस्ताशी.) विलींची दंतकथा त्याला मिळाली जर्मन कवी हाइनरिश हाइनेच्या पुस्तकात. शब्द मुळात स्लाव्ह भाषांमधला, 'विला' म्हणजे रानातली परी. गोतिएने ते वाचलं आणि म्हणाला यावर बॅले झालाच पाहिजे. प्रयोग झाल्यावर त्याने वर्तमानपत्रात हाइनेला उद्देशून पत्रच छापलं, की बघ तुझ्या विलींचं काय झालं.

त्याच्या डोक्यातला पहिला अंक निराळा होता. नाचघरात रात्रभर नाचणारी पोर, पहाटेच्या गारठ्यात छाती भरून मरते, असं. ही कल्पना व्हिक्तोर ह्युगोच्या कवितेवरून. पण त्यात गोष्ट नव्हती, नुसतं वातावरण. मग सँ-जॉर्ज नावाचा मुरलेला संहितालेखक आला आणि त्याने खेडं, सरदार, रखवालदार, तलवार असं सगळं रचून दिलं. म्हणून पहिला अंक नाटकासारखा आणि दुसरा कवितेसारखा वाटतो. जोड दिसते. मला ती जोड आवडते.

नृत्यरचना झाँ कोराली आणि ज्युल पेरो या दोघांची. पेरो हा ग्रिसीचा गुरू आणि जोडीदार. तिचे सगळे नाच त्याने बसवले असं मानतात, पण जाहिरातपत्रकात त्याचं नाव नव्हतं. आपल्याकडे नवीन नाही हे.

आणि पहिल्या अंकात मधेच एक शेतकरी जोडपं येऊन नाचून जातं ना, खिडकीताई? ज्याचा गोष्टीशी काडीचा संबंध नाही? ते आदामचं संगीतच नव्हे. ब्युर्गम्युलर नावाच्या दुसऱ्याच संगीतकाराच्या चाली. एका वजनदार आश्रयदात्याच्या मर्जीतल्या नर्तकीला जागा हवी होती, म्हणून आयत्या वेळी घुसवलं. 180 वर्षं झाली, अजून निघालेलं नाही.

जुनी_पेठ | रविवार, दुपारी ४:३५

संगीत नाटकात नटाच्या गळ्यासाठी पद घुसवायचे, तोच प्रकार. प्रेक्षकही त्या पदालाच वन्स मोअर देणार.

साधासरळ | रविवार, संध्या. ६:१०

स्पष्ट बोलतो, राग नसावा. गोष्ट बाळबोध आहे. बायका पांढऱ्या कपड्यांत इकडून तिकडे जातात, याला कला म्हणायचं आणि आमच्या जत्रेतल्या दशावताराला अडाणी. तिथेही रात्रभर नाच, पहाटे संपतो, राक्षस-देव सगळं असतं. तिकीट नाही, चहा फुकट.

मालवणी_खाजा | रविवार, संध्या. ६:२५

दशावताराला अडाणी कोण म्हणालं? नाव सांगा, बघून घेतो.

तोडा_तुकडा | रविवार, रात्री ९:५०

साधासरळ, गोष्ट बाळबोध आहे हे मान्य. आपल्या ठुमरीतली तरी काय गोष्ट असते? 'कृष्णा, रस्ता सोड.' संपली. पण त्या एका ओळीवर बिरजू महाराज अर्धा तास बसून भाव दाखवायचे. गोष्ट ही खुंटी. त्यावर काय टांगलंय ते बघायचं.

मी ठाण्यात कथक शिकवते. 'जिझेल' प्रत्यक्ष नाही, चित्रीकरण पाहिलंय, विद्यार्थिनींनाही दाखवलंय. आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते आईच्या जागेवर. पहिल्या अंकात जिझेलची आई बेर्त विलींची गोष्ट सांगते. नाचत नाही, नुसत्या हातांनी. पुष्कळ कंपन्यांनी हा तुकडा कापलाय, पण रॉयल बॅलेने जपलाय. दोन्ही हात डोक्यावर एकमेकांभोवती फिरवले की 'नाच'. मुठी वळून मनगटं पुढे एकमेकांवर ठेवली की 'मृत्यू'. अनामिकेकडे बोट दाखवलं की 'लग्न'. दोन बोटं आकाशाकडे केली की 'शपथ'.

मुली म्हणाल्या, ताई, या तर मुद्रा! हो आणि नाही. आपल्या हस्तमुद्रेत पताक, म्हणजे सरळ उघडा पंजा, एकच, पण तो ढग होतो, नदी होते, आशीर्वाद होतो. त्यांचं तसं नाही, एका खुणेला एक अर्थ. पण गंमत पुढे आहे. आई हाताने 'नाच' दाखवते आणि लगेच 'मृत्यू'. वरचे फिरणारे हात खाली येतात आणि मनगटांवर मनगटं थांबतात. नाचाची खूण मोडून मरणाची खूण होते. सगळा दुसरा अंक त्या चार सेकंदांत सांगून झालेला असतो, आणि जिझेल हसत असते, आई काहीतरीच तुझं.

आता आवाजाबद्दल. खिडकीपाशी, तू ते थप् थप् ऐकलंस ते मला फार लागलं. आमच्याकडे पाऊल म्हणजे आवाज. दीडशे-दोनशे घुंगरू बांधून एकच घुंगरू वाजवून दाखवणं ही परीक्षा. आपलं तर भूतही पैंजण वाजवत येतं. आणि यांच्याकडे भूत म्हणजे पायांचा आवाज नसणं. सगळी मेहनत पाऊल न वाजण्यासाठी.

मुलीची_आई | सोमवार, पहाटे ५:१५

तोडाताई, आवाज न होण्यामागे काय हातोडेगिरी असते ते मी सांगते. अक्षरशः हातोडा.

आम्ही न्यू जर्सीत. लेक नऊ वर्षं बॅले शिकतेय, तीन वर्षांपूर्वी चवड्यांवरचे बूट मिळाले, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहायचे. लोकांना वाटतं आत लाकूड असतं. काही नाही. कापड, कागद आणि खळीचे थर, वरून साटीन. नवा बूट दगडासारखा कडक, फरशीवर टकटक वाजतो. म्हणून आणल्या आणल्या त्याचे हाल सुरू: जिन्यावर आपटायचा, दाराच्या फटीत दाबायचा, तळवा वाकवायचा. हिच्या शाळेने गेल्या वर्षी दुसऱ्या अंकातला थोडा भाग बसवला, तेव्हा बाईंची एकच तंबी होती, "भुताच्या बुटाचा आवाज आला तर मागच्या रांगेत." तर आमच्या घरी आठवडाभर रोज संध्याकाळी हातोडी. खालच्या मजल्यावरचे दोनदा वर येऊन गेले. शेवटी त्यांना तिकिटं दिली.

जास्त मऊ केला तर अंगठ्याखालचा आधार जातो, कमी केला तर वाजतो. मोठ्या नर्तकींचा एका प्रयोगात एक जोड संपतो. आमच्याकडे तो महिनाभर पुरवायचा असतो, सुकवून, आत परत डिंक ओतून. फिती मी शिवते, दात साफ करायच्या दोऱ्याने. साधा दोरा टिकत नाही.

रांगेतल्या पोरींचं कौतुक कुणी करत नाही म्हणून सांगते: ते आरपार जाणं जितकं शांत दिसतं तितकं आतून भयंकर आहे. एक पाय मागे वर धरून, उभ्या पायावर न उडी मारता पुढे सरकायचं. पोटरीत गोळे येतात. आणि तोंडावर काही दिसता कामा नये, कारण तुम्ही मेलेल्या आहात. लेक म्हणाली, आई, मेलेली राहणं हेच सगळ्यात अवघड.

नाममात्र | सोमवार, सकाळी ७:३०

मुलीच्या आईला दंडवत. खालच्या मजल्यावरच्यांनाही.

हिशेबतपासनीस | सोमवार, सकाळी १०:००

मूळ प्रश्नाकडे या, लोकहो. हिलारियन! त्याचा गुन्हा काय? तो जिझेलला खरं सांगतो. पुरावा दाखवतो, शिंग आणि तलवारीवरचं घराण्याचं चिन्ह जुळवून. थडग्यावर क्रूस लावायलाही तोच जातो. त्याला मृत्युदंड. आणि सरदार निर्दोष. हा वर्गाचा मामला आहे, प्रेमाचा नाही. 1841 च्या पॅरिसात महागड्या जागांवर कोण बसत होतं? अल्ब्रेख्टच बसत होते.

थेम्सकाठचा_बगळा | सोमवार, दुपारी १२:४०

हिशेबतपासनीस, तुम्हाला शेवट ऐकून अजून राग येईल. मूळ संहितेत पहाट झाल्यावर बाथिल्ड जंगलात परत येते. जिझेल फुलांमध्ये विरता विरता अल्ब्रेख्टला तिच्याकडे हात करून दाखवते, आणि तो बाथिल्डपुढे हात पसरतो. म्हणजे प्राण वाचला तो वाचला, वर बायकोही मिळाली. पुढे हा शेवट गळून पडला. आता बहुतेक ठिकाणी अल्ब्रेख्ट एकटाच उरतो. अलेक्सेई रात्मान्स्की या नृत्यरचनाकाराने मात्र जुनी कागदपत्रं बघून तो शेवट परत आणलाय. 2022 मध्ये युक्रेनमधून निघून आलेल्या नर्तकांनी तो लंडनला केला, मी पाहिला. अखेरीस मंचावर निळे-पिवळे झेंडे आले आणि सगळे उभे राहून राष्ट्रगीत गायले. शेजारी एक बाई लहान मुलीला धरून उभ्या होत्या. त्या दिवशी मला अल्ब्रेख्टचा हिशोब करावासा वाटला नाही.

तसं बघितलं तर हा बॅले आपल्यापर्यंत पोचला हेच नशीब. पॅरिसात 1868 नंतर तो बंदच पडला होता. तगला तो रशियात, सेंट पीटर्सबर्गला. ल्युसियँचा धाकटा भाऊ मारियुस पेतिपा तिथे होता, त्याने पुन्हापुन्हा घासूनपुसून उभा केला. 1910 मध्ये दियागिलेव या रशियन संयोजकाची नृत्यमंडळी तो पॅरिसला परत घेऊन आली, कार्साविना जिझेल आणि निजिन्स्की अल्ब्रेख्ट. पुढच्याच वर्षी या निजिन्स्कीला पीटर्सबर्गच्या शाही थिएटरने काढून टाकलं. कारण? अल्ब्रेख्टच्या वेषात घट्ट विजारीवर घालायची आखूड चड्डी त्याने घातली नाही आणि समोर राजमाता बसली होती!

क्रांतीनंतर निकोलाय सेर्गेयेव नावाचा गृहस्थ रशियातून बाहेर पडला तो नृत्यलिपीच्या वह्या बरोबर घेऊन. आपल्या भातखंड्यांच्या स्वरलिपीसारखी पावलांची लिपी. त्या वह्यांवरून त्याने 1924 मध्ये पॅरिसला आणि 1934 मध्ये लंडनला 'जिझेल' बसवलं. लंडनची ती मंडळी म्हणजेच आजची रॉयल बॅले. खिडकीताईंनी परवा बघितला तो पीटर राइटचा 1985 चा प्रयोग, पण खालचा पाया त्या वह्यांचा.

साधासरळ | सोमवार, दुपारी १:१०

चड्डीवरून नोकरी गेली हे वाचून या कलेबद्दल आदर वाटू लागला आहे.

गोरेगावचा_पाहुणा | सोमवार, दुपारी ३:२०

मी 'जिझेल' मुंबईत पाहिलंय, बरीच वर्षं झाली. बाहेरून आलेली एक फिरती मंडळी, नाव लिहीत नाही. वाद्यवृंद नाही, ध्वनिमुद्रित संगीत. विली फक्त आठ, त्या आरपार जातात कशा? चारजणी येणार, चारजणी जाणार, दोन सेकंदांत रस्ता मोकळा. धूर इतका सोडला की पहिल्या तीन रांगा खोकत होत्या आणि जिझेल थडग्यातून आली ती आम्हाला ऐकू आली, दिसली नाही. मध्येच आवाज अडकला, तेच चार सूर परत परत. अल्ब्रेख्ट बिचारा हवेत उड्या मारतोय, संगीत पुढे जाईना, थांबता येईना. लोक हसायला लागले.

पण खरं सांगतो, त्याच वेळी मला गोष्ट कळली. तो माणूस खरंच दमला होता. घाम टपकत होता, छाती भात्यासारखी. 'मरेपर्यंत नाच' म्हणजे काय ते तिथे दिसलं.

खिडकीपाशी | सोमवार, संध्या. ७:४५

पाहुणे, तुम्ही माझ्या प्रश्नाला पहिलं उत्तर दिलंत!

परवाही तीच जागा होती. मिर्था मागे उभी, हात पुढे करून हुकूम देतेय. अल्ब्रेख्ट जागच्या जागी सरळ वर उडतोय, हवेत पावलं एकमेकांना कातरल्यासारखी मारतोय, खाली येतोय, परत वर. मी सोळापर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. शेवटी तो कोसळला आणि पाठीचा भाता वरच्या मजल्यावरून दिसत होता. ते नाटक नव्हतं, नाटकातली दमणूक आणि अंगातली दमणूक एकच झाली होती.

म्हणजे जिझेल त्याला माफ करते की नाही हा वेगळाच मुद्दा. ती काय करते? आधी त्याला आपल्या थडग्यावरच्या क्रूसापाशी उभं करते. मिर्थाची काठी तिथे मोडते. मग मिर्था डाव टाकते, जिझेलला नाचायला लावते, म्हणजे तो आपोआप क्रूस सोडून तिच्याकडे येईल. आणि तो येतो. पुढे ती फक्त वेळ काढते. तो दमला की ती नाचते, त्याला तेवढा श्वास. परत तो, परत ती. घंटा होईपर्यंत. आजारी माणसाच्या उशाशी आळीपाळीने जागतात तसं. त्यावेळी कोणी विचारत नाही की हा माणूस लायक आहे का.

हिलारियनबद्दलचा राग मात्र कायम. त्याच्या वाट्याला कोणीच वेळ काढायला आलं नाही.

बगळ्या, बत्तीस उड्या असतात हे खरं का?

थेम्सकाठचा_बगळा | सोमवार, रात्री ९:०५

काही नर्तक बत्तीसपर्यंत जातात, काही जण त्या जागी मंचाच्या कोपऱ्यातून तिरकं मिर्थाच्या दिशेने उडत जातात. ज्याची त्याची ताकद. रांगेत बसून मोजणारे दर्दी असतातच.

तोडा_तुकडा | सोमवार, रात्री १०:३०

गिरणगावातल्या कुणी अक्रम खानचं 'जिझेल' पाहिलंय का? इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी त्याने 2016 मध्ये बसवलं, पहिला प्रयोग मँचेस्टरला. अक्रम लंडनचा, घर मूळचं बांगलादेशी, आणि मुळात कथकचा, प्रताप पवारांचा शिष्य. त्याच्या गोष्टीत द्राक्षं नाहीत. कपड्याचा कारखाना बंद पडलाय, बाहेरगावाहून आलेले कामगार भिंतीच्या अलीकडे अडकलेत आणि पलीकडे मालक. ती भिंत प्रचंड, मंचभर, आणि ती फिरते. विली म्हणजे कारखान्यात राबून मेलेल्या बायका. हातात लांब काठ्या. अख्ख्या बॅलेत चवड्यांवर उभ्या राहतात त्या याच, जिवंत माणसं नाहीत. म्हणजे चवडा हीच मरणाची खूण. केस मोकळे, पावलं जमिनीत रोवलेली, आणि इथे मात्र आवाज आहे. काठ्या आपटतात.

बंद गिरणी म्हटल्यावर मला दुसरं काही दिसेचना. आमचे आजोबा 82 च्या संपातले.

हिशेबतपासनीस | मंगळवार, सकाळी ८:५०

हे बघितलं पाहिजे. वर्गाचा मामला आहे म्हटलं तेव्हा हसला असाल.

मुलीची_आई | मंगळवार, पहाटे ५:४० (आमच्याकडची)

एक राहिलं. लेकीच्या खोलीत आलिसिया अलोन्सोचा फोटो आहे. क्यूबाची. विशीतच डोळ्यांचे पडदे सुटले, शस्त्रक्रिया झाल्या, वर्षभर बिछान्यात, मान हलवायची नाही. त्या वर्षात तिने 'जिझेल' बसवलं ते बोटांनी, चादरीवर दोन बोटं म्हणजे दोन पाय. 1943 मध्ये न्यूयॉर्कला जिझेल करणारी आलिसिया मार्कोवा आजारी पडली आणि हिला ऐनवेळी उभं केलं. जवळजवळ दिसत नव्हतं. मंचाच्या कडेला प्रखर दिवे लावून त्यांच्या अंदाजाने ती नाचायची, जोडीदार आवाजाने खुणावायचे. पुढे कित्येक दशकं नाचली.

लेक परीक्षेच्या आदल्या रात्री पांघरुणावर बोटं नाचवत झोपते. मी दिवा मालवून येते.

मालवणी_खाजा | मंगळवार, सकाळी ११:००

बोटांवरून आठवलं, भुताचे पाय उलटे असतात. यांच्या विली चवड्यावर. एकूण भुताचा तळवा जमिनीला पूर्ण टेकत नाही यावर दोन्हीकडे एकमत दिसतं.

तोडा_तुकडा | गुरुवार, रात्री ९:१५

धागा वर काढते, कारण आज वर्गात एक उद्योग केला.

मोठ्या मुली बारा आहेत. म्हटलं, आज घुंगरू काढा. सहा इकडे, सहा तिकडे, तीनतालात, एकमेकींमधून आरपार जायचं, पण पाऊल वाजता कामा नये. मी तबला बंद केला, फक्त लेहरा, म्हणजे तालाची फिरत राहणारी धून. पहिल्या फेरीत धक्काबुक्की, हसणं. तिसऱ्या फेरीला खोली गप्प झाली. खालच्या रिक्षाचा हॉर्न ऐकू यायला लागला, पंख्याची करकर ऐकू यायला लागली, पावलं मात्र नाहीत. चौथ्या फेरीत एकजण मध्येच थांबली. सातवीपासून माझ्याकडे आहे, सगळ्यात पक्की ताल असलेली. म्हणाली, "ताई, मी कुठे आहे तेच कळेना. घुंगरू असले की माझी मला ऐकू येते."

मग तिला म्हटलं, तू जिझेल हो, मधे उभी राहा, बाकीच्या तुझ्याभोवतीने जातील. ती उभी राहिली. अकराजणी बिनआवाजी तिच्या अंगावरून गेल्या. तिने डोळे मिटून घेतले होते, आणि हात आपोआप पायाच्या घोट्याकडे गेला, घुंगरू आहेत का बघायला.

शनिवारी पाचला परत करणार आहोत. ठाण्यात कोण असेल तर या, चपला बाहेर काढून. खिडकीपाशी, तुझ्या त्या थप् थप्‌चं ध्वनिमुद्रण कुठे मिळतं का बघ ना.

खिडकीपाशी | गुरुवार, रात्री १०:०२

बघते. आणि हिलारियनला कोण करतंय?

तोडा_तुकडा | गुरुवार, रात्री १०:०६

हिशेबतपासनीस ठाण्याचेच आहेत असा संशय आहे.